'मला दिसतंय' की 'आपल्याला दिसतंय'? इंग्रजी आणि जर्मनमध्ये पुरावा कुणाचा, हे ओळखायचं कसं

एक्सरेची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावलेली आहे. डॉक्टर फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी बोट नेतात आणि बोलतात. इंग्रजीत बोलत असतील तर म्हणतील, 'आय कॅन सी अ शॅडो हिअर'. किंवा 'यू कॅन सी'. किंवा 'वी कॅन सी'. जर्मनमध्ये बोलत असतील तर बहुधा 'मान झीट हीर आइनन शाटन', म्हणजे इथे एक सावली दिसते; त्यातलं 'मान' म्हणजे कुणीही. फिल्म तीच, डागही तोच. बदललं ते एवढंसं सर्वनाम, पण त्याबरोबर पेशंटची जागाच बदलली. पहिल्या वाक्यात तो नुसता ऐकणारा आहे. दुसऱ्यात पुरावा त्याच्या हातात दिलाय. तिसऱ्यात तो डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, निदान वाक्य तरी तसं म्हणतंय. चौथ्यात तिथे कुणीही उभं असतं तरी चाललं असतं.

हा लेख या जागाबदलाबद्दल आहे. इंग्रजी किंवा जर्मन शिकताना, अनुवाद करताना, किंवा भाषाशास्त्राचा पहिलावहिला छोटा प्रकल्प करताना हे ओळखायचं कसं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. सूत्र सोपं आहे: पाहणं, ऐकणं, वाटणं ही क्रियापदं सांगतात की माहिती कुठल्या वाटेने आली, सर्वनाम सांगतं की ती वाट कुणाकुणाला खुली आहे. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायचे. नवखी माणसं ते एकात मिसळतात आणि मग गोंधळ होतो.

लिपीबद्दल एक सूचना. परकी वाक्यं इथे देवनागरीत आहेत. इंग्रजी 'आम्ही/आपण' साठी 'वी', तर जर्मनमधला त्याच अर्थाचा शब्द 'व्हीर', आणि जर्मन 'कसं/जसं' म्हणजे 'व्ही'. हे तीन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

1. आधी मराठी कान वापरा

परक्या भाषेकडे जाण्याआधी स्वतःच्या भाषेत या गोष्टी कशा होतात ते बघा, कारण मराठीत त्या कितीतरी उघड आहेत. 'तो आजारी आहे म्हणे'. या एका 'म्हणे'ने बोलणाऱ्याने हात झटकले: मी पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलं. 'तो आजारी दिसतोय' म्हटलं की पुरावा डोळ्यांचा, निष्कर्ष माझा. आणि 'आम्ही' व 'आपण' यांतला फरक तर आपल्याला शिकवावाच लागत नाही. 'आम्ही बघितलं' म्हणजे तू त्यात नाहीस. 'आपण बघितलं' म्हणजे आहेस.

इंग्रजी 'वी' आणि जर्मन 'व्हीर' हा फरक करत नाहीत. समोरचा आत की बाहेर, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठी माणसाचा इथे मोठा फायदा आहे: 'वी' दिसलं की भाषांतर करताना 'आम्ही' की 'आपण' हे ठरवणं त्याला भागच पडतं, आणि ठरवताना वाक्याचं पोट उघडतं. हा फायदा मी स्वतः पहिल्यांदा वाया घालवला. एका जर्मन शास्त्रीय मजकुराचा अनुवाद करताना 'व्ही व्हीर गेझेएन हाबन' याचं मी सगळीकडे 'आम्ही पाहिल्याप्रमाणे' केलं. वाचणाऱ्याने विचारलं, 'तुम्ही पाहिलंत ते ठीक, पण मी कुठे होतो?' लेखकाने मागच्या पानांवर वाचकाला बोट धरून नेलं होतं, आणि मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं.

जगात अशा भाषाही आहेत जिथे माहिती कुठून आली हे क्रियापदाला प्रत्यय लावून सांगावंच लागतं. टाळता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे एक चतुर्थांश भाषांत अशी सक्तीची सोय आहे. कोलंबिया-ब्राझील सीमेवरच्या तुयुका भाषेत असे पाच भेद आहेत: डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्या इंद्रियाने कळलं, खुणांवरून ताडलं, कुणाकडून ऐकलं, आणि असणारच म्हणून गृहीत धरलं. इंग्रजी आणि जर्मन या पंक्तीत बसत नाहीत. तिथे हे काम साध्या शब्दांवर पडतं, म्हणून ते सहज नजरेतून सुटतं.

2. क्रियापदांची वाटणी करा

स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ओके व्हीबेरी यांनी 1980च्या दशकात इंद्रियांच्या क्रियापदांची एक वाटणी केली, ती आजही हाताशी ठेवावी अशी आहे. पाहण्याचं उदाहरण घेऊ. मुद्दाम बघणं: इंग्रजीत 'लुक ॲट', जर्मनमध्ये 'आनझेएन' किंवा 'आनशाउअन'. आपोआप दिसणं, म्हणजे अनुभव: 'सी', 'झेएन'. आणि वस्तूच कर्ता होऊन दिसणं, 'तो दमलेला दिसतो': इंग्रजीत पुन्हा 'लुक', जर्मनमध्ये 'आउसझेएन'. ऐकण्यात हेच त्रिकूट 'लिसन टू', 'हिअर', 'साउंड' असं येतं. जर्मनमध्ये 'त्सूह्योरन', 'ह्योरन', 'क्लिंगन'. वास आणि चव यांच्या बाबतीत दोन्ही भाषा कंजूस आहेत. इंग्रजीत 'स्मेल' आणि 'टेस्ट', जर्मनमध्ये 'रीशन' आणि 'श्मेकन' एकट्यानेच बहुतेक कामं ओढतात.

आपल्या कामाला दुसरा आणि तिसरा गट महत्त्वाचा. दुसऱ्या गटात अनुभव घेणारा माणूस कर्ता असतो, त्यामुळे सर्वनाम उघड असतं: मी, तू, आपण. तिसऱ्या गटात माणूस गायब होतो. 'ही लुक्स टायर्ड', 'एर झीट म्यूड आउस'. कुणाला दिसतो? सांगितलेलं नाही. मग सर्वसाधारण समज अशी होते की जो कोणी बघेल त्याला. बोलणाऱ्याला तेवढं ओझं नको असेल तर तो माणूस परत आणतो: 'ही लुक्स टायर्ड टू मी'. जर्मन 'शाइनन'चं तेच: 'एस शाइंट' म्हणजे असं दिसतं, 'एस शाइंट मीर' म्हणजे मला असं दिसतं. त्या 'मीर'ने पुरावा चारचौघांतून उचलून एकट्याच्या घरात नेला.

मराठी वाचकाला 'मीर' फार ओळखीचं वाटायला हवं. आपणही 'मला वाटतं' म्हणतो, 'मी वाटतो' नाही. जुन्या इंग्रजीतही हेच होतं: 'मीथिंक्स' हा शब्द 'मी विचार करतो' असा नाही, तर 'मला भासतं' असा आहे. तेव्हा इंग्रजीत विचार करण्याचं क्रियापद वेगळं आणि भासण्याचं वेगळं होतं. पुढे दोन्ही एकरूप झाली. जर्मनमध्ये 'डेंकन' आणि 'ड्यूंकन' ही जोडी अजून वेगळी आहे, पण 'मिश ड्यूंक्ट' आता पुस्तकी झालंय.

3. क्रियापदामागून काय येतं ते बघा

या टप्प्यावर घाई करू नका. 'सी' किंवा 'झेएन' नुसतं सापडलं म्हणून डोळ्यांचा पुरावा झाला असं नाही. मागून येणारी रचना खरं काय ते सांगते.

इंग्रजीत 'आय सॉ हिम लीव्ह' किंवा 'लीव्हिंग' म्हणजे मी त्याला जाताना पाहिलं. माझे डोळे आणि त्याचं जाणं एकाच क्षणी हजर होते. 'आय सी दॅट ही हॅज लेफ्ट' म्हणजे तो गेलेला दिसतोय. इथे मी त्याला पाहिलंच नाही. रिकामी खुर्ची पाहिली, हुकावरचा कोट नाही हे पाहिलं, आणि ताडलं. आपले जुने तर्कशास्त्री पहिल्याला प्रत्यक्ष म्हणाले असते, दुसऱ्याला अनुमान. न्यायदर्शनातली ही नावं नोंदी करायला फार सोयीची आहेत. तिसरं नाव शब्द, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळलेलं. (चौथं नाव उपमान, म्हणजे साम्यावरून कळणं; ते इथे कामाला येत नाही.)

जर्मनमध्ये तीन दारं आहेत. 'इश झेए ईन कॉमन', म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप जोडून: तो येताना मला दिसतोय. 'इश झेए, व्ही एर कॉम्ट', म्हणजे 'व्ही' लावून: पुन्हा प्रत्यक्षच, पण येण्याची चाल, त्याचा ओघ नजरेसमोर. आणि 'इश झेए, दस एर गेकॉमन इस्ट', म्हणजे 'दस' लावून: तो आलाय हे मला कळतंय. या तिसऱ्या दारातून अनुमान आत येतं. 'दस'नंतर प्रत्यक्ष पाहिलेलंही येऊ शकतं, त्यामुळे 'दस' दिसलं की लगेच 'अनुमान' असा शिक्का मारू नका. मागच्यापुढच्या दोन वाक्यांत खुणा शोधा. उलट मात्र बरंचसं पक्कं आहे: 'व्ही' किंवा नुसतं मूळ रूप असेल तर बोलणारा बहुतेक वेळा तिथे हजर होता.

ऐकण्याचं वेगळं. 'आय हर्ड हिम सिंग' प्रत्यक्ष. पण 'आय हिअर यू आर लीव्हिंग' हा सरळ 'म्हणे' आहे, तोही वर्तमानकाळात. जर्मनमध्ये त्याची जोडी 'व्ही इश ह्योरे', म्हणजे माझ्या ऐकण्यात आलंय तसं. शिवाय जर्मनकडे आपल्या 'म्हणे'ला अगदी जवळचं एक साहाय्यक क्रियापद आहे: 'एर झॉल क्रांक झाइन', तो आजारी आहे म्हणे. इंग्रजीचा आधार घेऊन जर्मन शिकणाऱ्याला हे 'झॉल' म्हणजे 'त्याने आजारी असलं पाहिजे' असं वाटतं आणि तो घाबरतो. मराठीतून थेट गेलात तर ही चूक होणार नाही.

पाहण्यातही शब्दप्रमाण लपतं. 'आय सी फ्रॉम युअर लेटर दॅट' मध्ये डोळे पत्रावर आहेत, घटनेवर नाहीत. जर्मन पत्रव्यवहारात इथे 'झेएन' सहसा येत नाही. 'एंटनेमन', म्हणजे 'मजकुरातून काढून घेणं', हे क्रियापद येतं.

4. आता सर्वनामं, एकेक करून

'आय' आणि जर्मन 'इश', म्हणजे 'मी', सर्वांत सोपी वाटतात, आणि त्यातच खोच आहे. 'आय सी दॅट' म्हटल्याने पुरावा एकट्याचा ठरतो असं नाही. तो इतरांना आहे की नाही याबद्दल बोलणारा गप्प राहतो, इतकंच. इंग्रजीत 'आय सी' आणि 'आय कॅन सी' यांतला फरक लक्षात ठेवा. या क्षणी डोळ्यांसमोर काही आहे हे सांगायला इंग्रजी सर्रास 'कॅन' लावते, त्याला क्षमतेशी काही देणंघेणं नसतं. जर्मनला त्याची गरज पडत नाही. 'इश झेए दिश', तू मला दिसतोयस, एवढं पुरे. आणि नुसतं 'आय सी.' म्हणजे 'अच्छा'. त्याचं शब्दशः जर्मन 'इश झेए' असं करू नका; जर्मन माणूस 'आख झो' म्हणेल किंवा 'फेरश्टेए'.

'वी' आणि 'व्हीर' ही खरी गंमत. एक्सरेसमोरच डॉक्टर म्हणतात, 'वी सी धिस अ लॉट इन स्मोकर्स'. मघाचं 'वी' पेशंटला आत घेत होतं. या 'वी'ने त्याला बाहेर ठेवलं. हे आम्ही डॉक्टर लोक. खूण कुठे आहे? पहिल्या वाक्यात 'हिअर' होतं, दोघांच्या डोळ्यांसमोरची एक वस्तू. दुसऱ्यात 'अ लॉट', म्हणजे अनेक दिवसांचा, अनेक पेशंटचा अनुभव, जो समोरच्याकडे असूच शकत नाही. हीच चाचणी जर्मनलाही लागू पडते: 'हीर' (इथे) आणि 'येट्स्ट' (आत्ता) आसपास असतील तर 'आपण', 'ह्यॉयफिश', म्हणजे वारंवार, असं काही असेल तर बहुधा 'आम्ही'. इंग्रजीत आणखी एक खूण आहे. 'सी' एरवी 'आयएनजी' रूपात फारसं येत नाही, पण 'वी आर सीइंग मोअर केसेस' हे संस्थेच्या तोंडचं वाक्य आहे, आणि त्यातलं 'वी' जवळजवळ नेहमी 'आम्ही' असतं.

गणितातलं 'वी सी दॅट' आणि 'व्हीर झेएन, दस' यांची जात वेगळी. तिथे लेखक वाचकाला आत घेतोच, कारण पुरावा कागदावर दोघांपुढे सारखाच मांडलेला आहे. समजलं नाही तर मागे जाऊन पुन्हा बघण्याची मुभा वाचकाला आहे. वाटून घेतलेल्या पुराव्याचं इतकं निर्मळ रूप दुसरीकडे क्वचितच मिळेल.

'यू'चे दोन चेहरे. 'यू कॅन सी द क्रॅक' हे समोरच्याला उद्देशून असेल किंवा कुणालाही. जर्मनमध्ये निवड जास्त आहे म्हणून खुणाही जास्त. बोलीत 'दू' (तू) सर्वसामान्य अर्थाने चालतं, पण आदरार्थी 'झी' (तुम्ही) आलं की ते बहुतेक वेळा खरोखरच समोर बसलेल्या माणसासाठी असतं. 'व्ही झी झेएन', तुम्ही बघताच आहात, असं म्हणणारा तुमच्याकडे बघून बोलतोय. 'यू कॅन टेल ही इज टायर्ड' या वाक्यातलं 'टेल' सांगण्याचं नाही, ताडण्याचं आहे. त्याला जर्मनमध्ये सुरेख तोड आहे: 'मान झीट ईम आन, दस एर म्यूड इस्ट', म्हणजे त्याच्याकडे बघूनच कळतं की तो दमलाय. पुरावा कुठे आहे हेसुद्धा वाक्यातच: 'ईम', त्याच्या अंगावर.

आता 'मान'. जर्मन शिकणाऱ्यांना सांगतात की 'मान' म्हणजे इंग्रजी 'वन'. कोशात ठीक आहे. पण इंग्रजी 'वन' आता कडक इस्त्रीच्या कपड्यांत वावरतो, 'मान' मात्र घरच्या कपड्यांत, बाजारात, शाळेत, सगळीकडे असतो. इंग्रजीत त्याची खरी जोडी बहुतेक वेळा 'यू'. 'मान'चा आवाका मोठा आणि लवचिक आहे. 'मान हाट मिश गेरूफन', मला बोलावलं गेलं, यात 'मान' म्हणजे कुणीतरी, मी नाही. पण 'मान झीट, दस' मध्ये बोलणारा स्वतः आत असतो, समोरचा असतो, आणि नंतर येणाराही. यान नॉइट्स या बेल्जियन भाषाशास्त्रज्ञाने 2001 मध्ये असा मुद्दा मांडला की एखादं मत एकट्याच्या जबाबदारीवर आहे की अनेकांच्या वाटणीचं, हा स्वतंत्र प्रश्न म्हणून बघायला हवा. 'मान झीट' दुसऱ्या बाजूला पडतं, 'इश ग्लाउबे' (मला वाटतं) पहिल्या.

पण 'मान'च्या शेजारी 'ह्योरन' बसवून बघा. 'मान ह्योर्ट, दस' याचा अर्थ बहुतेक वेळा 'ऐकिवात आलंय' असा होतो. सर्वनाम तेच, वाट बदलली आणि पुरावा पार पातळ झाला. 'मान झीट' म्हणजे जाऊन बघ, तिथे आहे. 'मान ह्योर्ट' म्हणजे कुणी सांगितलं ते विचारू नकोस. 'मान ह्योर्ट या झो आइनिगस' हे वाक्य तर जर्मनमध्ये जवळजवळ म्हणीसारखं झालंय: कानावर काय काय येतच असतं.

त्यातलं 'या' विसरू नका. हा होकार नव्हे. वाक्याच्या पोटात बसलेलं, आघात नसलेलं 'या' सांगतं की हे तुलाही माहीत आहे, किंवा तुलाही आत्ता दिसतंय. 'दस इस्ट या कापुट!' म्हणजे 'अरे, हे तर मोडलंय!' आणि 'दू व्हाइस्ट या' म्हणजे 'तुला माहीतच आहे'. इंग्रजीकडे असला शब्द नाही. ती 'ॲज यू नो' असं लांबलचक म्हणते किंवा सोडून देते. जर्मन मजकुरात वाटून घेतलेला पुरावा शोधताना फक्त सर्वनामं गोळा केलीत तर 'या'मुळे झालेलं निम्मं काम तुमच्या जाळ्यातून निसटेल.

शेवटी जिथे कुणीच नसतं ती वाक्यं. एक्सरेचा लेखी अहवाल उघडा. इंग्रजीत 'नो फ्रॅक्चर इज सीन'. जर्मनमध्ये 'एस त्साइग्ट झिश', म्हणजे दिसून येतं. खोलीत बोलताना 'मी', 'तुम्ही', 'आपण' होते. कागदावर सगळे गेले. हा अहवाल उद्या तिसराच डॉक्टर वाचणार, म्हणून पुरावा कुणाच्याही डोळ्याला बांधलेला नको असतो. 'सी फिगर' किंवा 'झीए' हीही एक युक्तीच: वाचकालाच सांगायचं, जा, स्वतः बघ. जर्मन 'झीए' तर गोठलेलं आज्ञार्थी रूप आहे. रोजच्या बोलण्यात 'झी' म्हणतात (हे 'बघ', आदरार्थी 'झी' नव्हे), छापील संदर्भात 'झीए'.

5. वाक्याला उलट उत्तर देऊन बघा

पुरावा वाटलेला आहे की नाही ठरत नसेल तर त्या वाक्याला समोरच्याने काय उत्तर दिलं असतं याची कल्पना करा. 'आय कॅन सी अ शॅडो' ला 'मला नाही दिसत' हे साधं उत्तर आहे. कुणी रागावणार नाही. 'वी कॅन सी अ शॅडो' ला तेच उत्तर दिलं की ते बंड वाटतं, कारण तुम्ही त्या 'वी'मधून बाहेर पडलात. 'मान झीट' ला स्वाभाविक उत्तर म्हणजे 'व्हो डेन?', कुठे? आणि 'मान ह्योर्ट' ला 'फॉन व्हेम?', कुणाकडून? 'कुठे' विचारता येत असेल तर पुरावा जागेवर आहे. 'कुणाकडून' विचारावंसं वाटलं तर तो तोंडातोंडी फिरतोय.

दुसरी चाचणी सर्वनाम बदलण्याची. 'वी' काढून 'आय' घाला आणि काय कमी झालं ते बघा. काहीच कमी झालं नाही तर 'वी' फक्त नम्रतेचं होतं. वाक्य उघडं पडल्यासारखं वाटलं, तर लेखक मघाशी तुमच्या आडोशाला उभा होता.

हा आडोसा भाषणांत आणि वादात फार मिळतो. 'ॲज वी कॅन ऑल क्लिअरली सी', 'व्ही व्हीर आले गेझेएन हाबन'. 'ऑल', 'क्लिअरली', 'ओफनझिश्टलिश' (उघडच) असे टेकू जितके जास्त, तितका मी पुराव्याबद्दल जास्त साशंक होतो. खरोखर समोर असलेल्या वस्तूला इतके टेकू लागत नाहीत. हा माझा पूर्वग्रह समजा, पण नोंदी करताना तो कामाला येतो: टेकू वेगळ्या रकान्यात लिहा.

6. खऱ्या मजकुरात शोधताना

मनाने रचलेल्या वाक्यांवर फार दिवस काढू नका. खऱ्या वापरातल्या मजकुराच्या मोठ्या संग्रहाला कॉर्पस म्हणतात. इंग्रजीसाठी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, 10 कोटी शब्दांचा, त्यातला सुमारे दहावा भाग तोंडी बोलण्याचा. अमेरिकन इंग्रजीसाठी 'कोका' हा कॉर्पस 1990 ते 2019 या काळातला, 100 कोटींहून जास्त शब्दांचा. जर्मनसाठी बर्लिनच्या विज्ञान अकादमीचं 'डीडब्ल्यूडीएस' आणि मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेचा 'देरेको'. दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघायच्या तर युरोपीय संसदेच्या 1996 पासूनच्या कामकाजावर आधारलेला 'युरोपार्ल' सोयीचा. त्यात एक पथ्य पाळा: भाषण मुळात कुठल्या भाषेत झालं ते तपासा. अनुवादकाने घातलेलं 'वी' मूळ वक्त्याच्या नावावर टाकू नका.

शोधताना पाय कुठे घसरतो तेही सांगतो. इंग्रजीत 'दॅट' गाळता येतं: 'आय सी यू हॅव पेंटेड द डोअर'. 'सी दॅट' एवढंच शोधलंत तर बोलीतली मोठी रास हातातून जाईल. जर्मनमध्ये 'दस'चं स्पेलिंग 1996 च्या सुधारणेत बदललं. त्याआधी शेवटी 'एसत्सेट' हे अक्षर असे, आता दोन 'एस'. जुना मजकूर बघताना दोन्ही रूपं द्या. जर्मन 'आउसझेएन' वाक्यात फुटतं, 'झीट' इकडे आणि 'आउस' पार टोकाला, म्हणून 'झेएन'ची मोजणी फुगते. आणि 'झी' तर पक्की दगाबाज: वाक्याच्या सुरुवातीला 'झी झेएन' म्हणजे 'तुम्ही बघता' की 'ते बघतात' हे मोठ्या अक्षरावरून कळत नाही, कारण तिथे अक्षर तसंही मोठंच असतं. अशी वाक्यं यंत्रावर सोडू नका, हाताने वाचा. जर्मनमध्ये 'झे' म्हणजे सरोवर किंवा समुद्र हे नाम इंग्रजी 'सी' या क्रियापदासारखंच लिहितात, हे मिश्र मजकुरात शोधणाऱ्याला उशिरा आठवतं.

'यू सी, द थिंग इज' यातलं 'यू सी' बघण्याचं नाही. ते बोलण्याची गाडी सुरू करायला मारलेली किक आहे. ते बाजूला काढा. पण 'झीस्ट दू!' बाजूला काढण्याआधी थांबा. ते 'बघ, म्हटलं नव्हतं?' या अर्थाने येतं, आणि तिथे पुरावा नुकताच दोघांसमोर आलेला असतो. हे तर आपलंच उदाहरण.

7. नोंदी कशा ठेवायच्या

सुरुवातीला प्रत्येक भाषेतली पन्नास वाक्यं पुरेत. एका वाक्याला एक ओळ. रकाने असे: क्रियापद, मागून येणारी रचना, सर्वनाम, आसपासचं 'हिअर/हीर', 'या'सारखा छोटा शब्द (निपात) किंवा टेकू, आणि शेवटी दोन निकाल. पहिला निकाल वाटेचा: प्रत्यक्ष, अनुमान की शब्द. दुसरा वाटणीचा: एकट्याचा, आम्हा काहींचा, आपल्या दोघांचा, की कुणाचाही. वाक्य एकटं उचलू नका, मागची-पुढची दोन-दोन वाक्यं सोबत ठेवा. एक्सरेचं उदाहरण आठवा: 'हिअर' कापून टाकलं असतं तर 'वी' कुठलं, ते कळलंच नसतं.

मग ती यादी, निकालाचे रकाने झाकून, दुसऱ्या कुणाला द्या. त्याने लावलेले निकाल तुमच्याशी 'वाटे'च्या रकान्यात बऱ्यापैकी जुळतील. 'वाटणी'च्या रकान्यात भांडण होईल, आणि ते जास्त करून 'वी' आणि 'व्हीर'वर होईल. तडजोड म्हणून तिथे 'दोन्ही शक्य' असं लिहून मोकळे होऊ नका. त्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचं मराठी करा, एकदा 'आम्ही' घालून, एकदा 'आपण' घालून. कुठलं वाचताना अडखळायला होतं ते लिहून ठेवा. काही ओळी अशा निघतील की दोन्ही वाचताना सारख्याच सुरळीत जातात. बोलणाऱ्याने तिथे समोरच्याला दारात उभं ठेवलंय, आत घेतलेलं नाही आणि घालवलेलंही नाही. त्या ओळींसाठी तिसरा रंग वापरा.